शुगरच्या इंजेक्शनने पॅरालिसिसचा अटॅक खरंच टळतो का?

तुम्ही लिहिलंय वडिलांना बारा वर्षं शुगर आहे, डॉक्टरांनी आता आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाईडचं इंजेक्शन दिलंय आणि म्हणाले याने पॅरालिसिसचा अटॅकपण टळतो, तर हे खरं की महागडं औषध गळ्यात मारतायत. मी डॉक्टर नाही, माझं मेडिकलचं दुकान आहे, तेव्हा त्या हिशोबाने वाचा.

थापा नाहीयेत. याच इंजेक्शनची २०१६ ची ट्रायल आहे, ३,२९७ शुगरचे पेशंट, बहुतेकांना आधीच हार्टचा किंवा किडनीचा त्रास. दोनेक वर्षांत स्ट्रोक, म्हणजे पॅरालिसिसचा अटॅक (जीव गेला नाही असा), इंजेक्शनवाल्यांत १.६ टक्के लोकांना आला आणि औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत २.७ टक्के. म्हणजे शंभरात एखादा वाचला. कमी वाटेल, पण तो एक आपल्या घरातला असला तर?

गंमत अशी की नुसती शुगर खाली आणून हे होत नाही. अमेरिकेत एका मोठ्या ट्रायलमध्ये शुगर एकदम टाइट ठेवून बघितली, स्ट्रोक काही कमी झाले नाहीत, उलट मृत्यू वाढले म्हणून २००८ मध्ये ते थांबवावं लागलं. शुगरचीच एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी हार्ट फेल्युअर आणि किडनीसाठी चांगली, पण स्ट्रोकवर तिचा तसा फायदा दिसला नाही. आणि पायोग्लिटाझोन ही शुगरची दुसरी गोळी, जिच्यावर २०१३ मध्ये सरकारने बंदी घालून दीडेक महिन्यात उठवली (माझ्याकडे तेव्हा डबे पडून होते!), ती एकदा स्ट्रोक येऊन गेलेल्यांना उपयोगी पडते असं दिसलंय, फक्त पायाला सूज, वजन आणि हाडं ठिसूळ होणं हे सोबत येतं.

पण माझ्या काउंटरवर खरा घोळ वेगळाच होतो. माणूस हजारोंचं इंजेक्शन नेतो आणि "बीपी नॉर्मल आलं" म्हणून बीपीची स्वस्तातली गोळी बंद करतो. ब्रिटनमधल्या जुन्या अभ्यासात शुगरवाल्यांचं वरचं बीपी सरासरी १५४ ऐवजी १४४ ठेवलं तर स्ट्रोक ४४ टक्के कमी झाले होते, एवढं तर कुठलंच इंजेक्शन देत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तेच, तीपण लोक मनानेच सोडतात.

इंजेक्शन सुरू करा, पण आधी वडिलांच्या डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कारण त्याच २०१६ च्या ट्रायलमध्ये पडद्याचा त्रास इंजेक्शनवाल्यांत जास्त निघाला होता. पहिले काही आठवडे मळमळेल, तेव्हा जेवण थोडं थोडं द्या.