आधी ऑर्गनायझर घेऊ नका, कपाटाचा मागचा अर्धा भाग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ओट्याखालची कपाटं आणि ड्रॉवर ठासून भरलेत, दार उघडलं की झाकणं अंगावर येतात, घरात असलेलीच वस्तू परत आणली जाते कारण पहिली सापडतच नाही, कोपऱ्यातल्या कपाटाचं काय करायचं कळत नाही, तर कुठले ट्रे, बास्केट, ऑर्गनायझर घ्यावेत. माझं म्हणणं, सध्या काहीच घेऊ नका. अगदी एक चमच्यांचा ट्रेसुद्धा नको. मी हौसेनं बऱ्याच जणांची स्वयंपाकघरं लावायला गेलेय (नात्यातलं, शेजारचं कोणीही बोलवू दे, मी पदर खोचून तयार असते) आणि पसारा जास्त असलेल्या घरांत हमखास एका कप्प्यात रिकामे ऑर्गनायझर सापडतात, कुठलातरी रुंदीला बसला नाही, कुठल्यातरीमुळे ड्रॉवर बंद होईना, मग ते पण त्या पसाऱ्यातच जमा.

मुळात जागा कमी आहे असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा जागा असते, ती दिसत नसते. ओट्याखालचं कपाट साधारण ६० सेंमी खोल असतं आणि भिंतीवरचं ३० ते ३५. म्हणजे खालचं जवळजवळ दुप्पट खोल, आणि तेच नेमकं गुडघ्याच्या उंचीला, अंधारात. पुढच्या अर्ध्या भागात रोजचं सामान राहतं आणि मागच्या अर्ध्यात जे गेलं ते गेलंच, वाकून, पुढचं सगळं बाहेर काढून कोण बघतंय! त्यामुळे तुमच्या दोनदोन वस्तू आणण्याचं कारण विसराळूपणा नाही, ते कपाट आहे. पुढचं सगळं मी या एका गोष्टीभोवती सांगतेय, की मागचा भाग पुढे कसा आणायचा.

सुरुवात कुठून? सगळं स्वयंपाकघर एकदम जमिनीवर काढा असा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो पटत नाही. संध्याकाळी स्वयंपाक करायचाच असतो, माणूस दमतो आणि मग शेवटचा अर्धा ढीग जसाच्या तसा परत कोंबला जातो. एका वेळी एकच प्रकार घ्या, पण तो अख्ख्या स्वयंपाकघरातून गोळा करा. एकच कपाट आवरायला घेतलं तर शेजारच्या कपाटात त्याच तीन किसण्या आणखी आहेत हे कधीच कळत नाही.

पहिला प्रकार डबे आणि झाकणं, कारण इथे निर्णय सोपा असतो आणि जागा सगळ्यात जास्त सुटते. प्रत्येक डब्यावर त्याचं झाकण लावून बघा. बिनझाकणाचा डबा आणि बिनडब्याचं झाकण दोघंही बाहेर, "सापडेल कधीतरी" हे चालणार नाही, सगळे कप्पे धुंडाळून झालेत तर आता कुठून सापडणार. तडे गेलेले, चिकट झालेले, धुऊनही वास न जाणारे प्लास्टिकचे डबे पण बाहेर. उरलेल्यांत शक्यतो चौकोनी ठेवा. चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की चार कोपरे मिळून सुमारे २१ टक्के जागा वाया जाते, हे साधं गणित आहे, आणि गोल डब्यांनी भरलेल्या अख्ख्या शेल्फवर हेच होत असतं. अर्थात चांगले गोल डबे फेकून चौकोनी आणा असं मी म्हणत नाहीये, पुढे कधी घ्याल तेव्हा लक्षात ठेवा. रिकामे डबे एकात एक घालून ठेवायचे आणि झाकणं वेगळी, उभी.

मग डाव, झारे, उलथनी, चिमटे, गाळण्या. इथे माणसं अडतात कारण प्रत्येक वस्तू "कधीतरी लागेल" अशी असते. ज्याबद्दल खात्री नाही ते खोक्यात घाला, खोक्यावर तारीख लिहा आणि खोकं स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवा. तीन महिन्यांत ज्या वस्तूसाठी खोकं उघडावं लागलं ती मानानं परत आत आणा, बाकीचं देऊन टाका. फक्त दोन सूट. वर्षातून एकदोनदाच लागणारी मोठी भांडी या परीक्षेत बसवू नका, ती अडगळ नाही, त्यांची जागा फक्त माळ्यावर आहे. आणि आठवणीच्या वस्तूंना एक कप्पा द्या आणि विषय संपवा. हो, आणि घरात स्वयंपाक करणारं दुसरं कोणी असेल तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं काही काढू नका, यावरून झालेली भांडणं मी बघितलीयेत.

आता मांडणी. आपण वस्तू जातीनुसार लावतो, सगळे चमचे एकीकडे, सगळी भांडी एकीकडे. त्यापेक्षा कामानुसार लावा. सुरी, चॉपिंग बोर्ड, सोलाणं आणि सालांचा डबा एका ठिकाणी. गाळण्या आणि धुवायची टोपली सिंकजवळ. पक्कड, डाव, उलथनं शेगडीच्या हाताशी, मग चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये त्यांची गर्दी होत नाही. यात नवीन काही नाही, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी जे स्वयंपाकघर डिझाइन केलं ते याच विचारावर, कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात याचा हिशोब करून. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरची खोली! त्यात कोरड्या जिन्नसांसाठी ओतायच्या तोंडाचे, नाव लिहिलेले ॲल्युमिनियमचे खण होते, सरळ ओढून काढायचे, म्हणजे मागे हरवायला काही उरतच नाही. आपण आज ट्रॉली म्हणून जे बसवून घेतो त्यामागचा विचार हाच.

उंचीचं गणित सोपं आहे. खांदा ते गुडघा या पट्ट्यात रोजचं, त्याच्या खाली जड, वर हलकं आणि क्वचित लागणारं. जड काचेचं किंवा बिडाचं काही डोक्याच्या वर ठेवू नका, एवढं एक ऐका.

यानंतर एक फुकटातला उपाय, जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. तुमची कपाटं मॉड्युलर असतील तर आत बाजूच्या पाट्यांवर छोट्या भोकांची रांग असते का बघा. ती ५ मिमीची भोकं ३२ मिमी अंतरावर असतात आणि शेल्फ त्यातल्या पिनांवर नुसतं टेकलेलं असतं. म्हणजे शेल्फ वरखाली करता येतं! फिटिंग करणाऱ्यानं ते मधोमध टेकवून दिलेलं असतं आणि आपण वर्षानुवर्षं वाट्यांच्या वर वीतभर हवा साठवतो. आधी सामानाची उंची मोजा, मग पिना हलवा, बऱ्याचदा एक जादा शेल्फ बसतं. शेल्फ पार्टिकल बोर्डाचं आणि लांब असेल, साधारण ९० सेंमीच्या आसपास, तर जड सामान मधोमध न ठेवता कडेला ठेवा, नाहीतर काही काळानं पोट सुटतं त्याला.

ड्रॉवरबद्दल जरा सविस्तर, कारण तुमचा अर्धा त्रास तिथे आहे. आधी एकेक ड्रॉवर पूर्ण ओढून बघा. काही चॅनल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या बाजूच्या पट्ट्या) तीन चतुर्थांशच उघडतात, मागचा भाग ओट्याखालीच राहतो, तिथे कधीमधी लागणारं ठेवा नाहीतर सुताराकडून पूर्ण उघडणारे टेलिस्कोपिक चॅनल बसवून घ्या, माझ्या मते ऑर्गनायझरवर जे पैसे घालवाल ते इथे घालवा. वजनाची मर्यादा विचारून घ्या, त्यात ड्रॉवरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, भांड्यांनी खच्चून भरलेला खालचा ड्रॉवर अडकत असेल तर कारण बहुधा तेच. वरच्या ड्रॉवरमध्ये फक्त रोजचं. ट्रे घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचे कप्पे कापून लावा आणि आठवडाभर वापरून बघा, खोक्यांचे तुकडे चालतात, तेवढ्यात कळतं की कुठला कप्पा भरून वाहतोय आणि कुठल्यात नुसतीच एक रबरबँड पडलीये. सुऱ्या मोकळ्या टाकू नका, धारही जाते आणि बोटंही, खाचांचा लाकडी ठोकळा नाहीतर प्रत्येकीला म्यान. आणि किल्ल्या, सेल, दोऱ्या, रबरबँड यांचा एक खिचडी ड्रॉवर ठेवाच, तो ठेवला नाही तर बाकीचे सगळे खिचडी होतात.

भांडी एकात एक ठेवायची, झाकणं मात्र भांड्यावर नाही, कपाटात पुस्तकं लावतो तशी उभी. त्यासाठी ऑफिसातला फाईल स्टँड किंवा जुनी ताटल्यांची जाळी पुरते. दाराच्या आतून हूक लावून झाकणं टांगता येतात, पण आधी शेल्फ आणि दार यांच्यात किती अंतर आहे बघा, नाहीतर दार लागणार नाही आणि वरून झाकणं वाजतील ती वेगळीच. एकाच व्यासाच्या तीन भांड्यांना एक झाकण पुरतं का तेही बघून घ्या. नॉनस्टिक एकात एक ठेवणार असाल तर मधे जाड कापडाचा तुकडा हवा, नाहीतर कोटिंगवर चरे पडतात.

कोरडा माल पारदर्शक बरण्यांत. शेल्फवर असेल तर चिठ्ठी पुढून, ड्रॉवरमध्ये असेल तर झाकणावर, कारण ड्रॉवरमध्ये आपल्याला वरूनच दिसतं. पाकिटातून बरणीत ओतलं की तारखेचा तुकडा कापून बरणीला चिकटवा. बेस्ट बिफोर आणि यूज बाय एकच समजू नका, पहिली तारीख चव-दर्जाची असते, दुसरी सुरक्षिततेची. पहिली ओलांडली म्हणून लगेच फेकायची गरज नसते, दुसरी ओलांडली की विचार करत बसू नका. मसाले शेगडीच्या वरच्या कपाटात ठेवायची आपली जी सवय आहे ती मोडा, उष्णता, वाफ, उजेड तिन्हींनी वास उडतो, आणि पूड अख्ख्यापेक्षा लवकर मरते. धान्यापिठात कीड दिसत असेल तर ते बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा, अंडीसुद्धा मरतात, फक्त बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं. नवीन पाकीट मागे, जुनं पुढे.

सिंकखाली खायचं, कागदाचं, लोखंडी काही नको, दमट जागा आहे ती. ब्लीच आणि ॲसिडवालं क्लीनर एकमेकांच्या शेजारी अजिबात ठेवू नका, सांडून मिसळले तर क्लोरीन वायू तयार होतो. घरात लहान मूल असेल तर या कपाटाला लॉक हवंच, नाहीतर हे सगळं वर हलवा.

हे सगळं झालं की मग खरेदी, आणि यादी फार छोटी निघेल. खोल शेल्फसाठी लांबट अरुंद बास्केट घ्या, कपाटाच्या खोलीपेक्षा किंचित कमी लांबीच्या, पुढे पकडायला खाच असलेल्या, म्हणजे शेल्फचाच ड्रॉवर होतो आणि मागचं सामान ओढून पुढे येतं. माप आतून घ्यायचं. आणि दार उघडून घ्यायचं, कारण बिजागऱ्या आत पुढे आलेल्या असतात आणि दारही पूर्ण बाजूला सरकत नाही, त्यामुळे कपाटाची रुंदी ४० सेंमी असली तरी बास्केट बाहेर यायला जागा कमीच मिळते. नेमकं इथेच लोक फसतात. प्रत्येक कप्प्यात हात फिरेल एवढी मोकळी जागा सोडा, शंभर टक्के भरलेला ड्रॉवर दुसऱ्याच दिवशी बिघडतो कारण वस्तू परत ठेवायला दुसरी उचलावी लागते, आणि तेवढं कोणी करत नाही.

कोपऱ्याच्या कपाटात फिरता ट्रे छान चालतो, पण दाराची फट अरुंद असेल तर ट्रे आतच जात नाही, मग तिथे क्वचित लागणारी मोठी भांडी ठेवणंच बरं. तुमच्या कोपऱ्याच्या दाराची रुंदी आणि आतली खोली मोजून सांगा, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही, मग किती व्यासाचा ट्रे बसेल ते सांगते.