रेझिनचं रेस कार मॉडेल अर्ध्यात बिघडलंय, पुढे करावं की सोडून द्यावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १/२४ स्केलचं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं) रेसिंग कारचं किट, रेझिनचं (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचं) पहिलंच, बॉडीचा मागचा भाग पिळलेला निघाला, प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारल्यावर बारीक भोकं दिसायला लागली, मास्किंग टेप काढताना दोन ठिकाणी प्रायमरच सोलून आला आणि नंबरचं डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) पाण्यात टाकल्या टाकल्या त्याचे तुकडे झाले. आणि आता विचारताय की पुढे जाण्यात काही अर्थ आहे का. आहे, नक्की आहे, सोडू नका. यातलं एकही दुखणं असं नाहीये की जे बरं होत नाही. मला ही सगळी एकाच गाडीत भेटली होती, पोर्शे ९१७के, १९७० ची ले मान्स (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) जिंकलेली ती लाल-पांढरी २३ नंबरची, म्हणून तिच्याच आधाराने सांगतो.

सगळ्यात आधी एक करा, आज तिला हात लावू नका. मॉडेल अपघातात फारसं बिघडत नाही, अपघातानंतरच्या दहा मिनिटांत बिघडतं, कारण तेव्हा आपण ओल्या रंगावर बोट फिरवतो, अर्धवट सुकलेली लांबी (पुटी) घासतो, सोललेल्या प्रायमरवर अजून एक कोट मारून झाकायला बघतो. सगळं डब्यात ठेवा, उद्या चांगल्या उजेडात काढा.

आता हे असं का झालं ते. रेझिन किट कारखान्यात लाखांनी निघत नाही, सिलिकॉनच्या साच्यात दोन द्रव मिसळून ओततात, तो साचा काही डझन ओतीव निघाले की थकतो. मिसळताना हवा अडकली की बुडबुडे, साच्यातून लवकर काढलं की पीळ, आणि साच्यातून सुटावं म्हणून जे तेलकट रसायन लावतात ते पार्टवर तसंच राहतं. तुमचा प्रायमर बहुतेक त्याच्यामुळेच सोलला. म्हणजे तुमचा हात वाईट नाहीये, मालाचा स्वभावच तसा आहे, आणि रेझिनवाल्या प्रत्येकाला यातून जावंच लागतं.

पार्टला चिकटून आलेला ओतीव ठोकळा, जो आपण कापून फेकतो, तो फेकलाय का? नसेल तर जपून ठेवा, असेल तर छोट्या पार्टांचे तरी शिल्लक असतील. त्या ठोकळ्याचं रेझिन आणि बॉडीचं रेझिन एकच, त्यामुळे थिनर, रंग, ग्लू, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) जे काय नवीन वापरायचंय ते आधी त्याच्यावर. मला विचाराल तर अख्ख्या किटमधला सगळ्यात कामाचा तुकडा तोच.

प्रायमर उतरवायचा. अ‍ॅक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, आधी ठोकळ्यावर बघून, आणि तासन्‌तास बुडवून ठेवू नका कारण काही रेझिन फुगतात, मऊ पडतात. असिटोन नकोच. लॅकर प्रायमर असेल तर सरळ ४०० आणि मग ६०० चा वॉटर पेपर, पाण्यातच घासा, कोरडं घासू नका, रेझिनची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही, मास्क लावाच. मग कोमट पाणी, भांड्याचा साबण, ब्रशने प्रत्येक फट, आणि धुतल्यावर उघड्या बोटांनी धरू नका, हातमोजे घाला. हे धुणं कंटाळवाणं वाटतं पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आता पीळ. माझ्या ९१७ चं मागचं शेपूट एका कोपऱ्यात चांगलंच वर उचललेलं होतं. पाणी कढत हवं, उकळतं नको, साधारण ६० ते ७० अंश, त्यात पार्ट दोन-तीन मिनिटं ठेवायचा, बोटाला लवचीक लागला की काढून हळूच सरळ करायचा, उलट्या बाजूला अगदी किंचित जास्त, आणि तसाच धरून थंड पाण्यात. एका झटक्यात करायला जाऊ नका, दोन-तीनदा थोडं थोडं करा. रेझिनला जुना आकार आठवतो, उन्हाळ्यात किंवा दिव्याखाली ते परत वाकायला बघतं, म्हणून सरळ झालं की आतल्या बाजूने एक पितळी सळई इपॉक्सीने चिकटवून टाका, बाहेरून काही दिसत नाही आणि शेपूट जागा सोडत नाही.

याच गाडीची खरी गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही, कारण तिचंही दुखणं शेपटातच होतं. १९६९ मध्ये ९१७ नवी आली तेव्हा वेगात इतकी अस्थिर व्हायची की भले भले ड्रायव्हर तिला घाबरायचे. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियाच्या त्सेल्टवेगला टेस्टिंग चालू होतं, तिथे पोर्शेसाठी शर्यती लढवणाऱ्या जॉन वायरच्या टीमचा इंजिनिअर जॉन हॉर्समनच्या लक्षात आलं की गाडीच्या पुढच्या भागावर मेलेल्या चिलटांचे डाग आहेत आणि मागच्या शेपटावर जवळपास नाहीत, म्हणजे हवा तिथे पोचतच नाहीये. त्यांनी तिथेच अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि टेप लावून शेपूट वर उचललं आणि गाडी ताब्यात आली. त्यातूनच ते आखूड शेपूट आलं, ९१७के मधला के तोच (जर्मन ‘कुर्त्स’, म्हणजे आखूड), आणि पुढच्या वर्षी हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूडने भर पावसात ३४३ फेऱ्या मारून पोर्शेला ले मान्सचा पहिला एकूण विजय मिळवून दिला. मी हे शेपूट घासत होतो तेव्हा ही चिलटं सारखी डोक्यात होती. आणि तुमचं किट जर ९१७ च असेल तर एक लक्षात ठेवा, शेपटावर उभे पंख असलेली ती १९७१ ची, २२ नंबरची मार्टिनी गाडी, १९७० च्या विजेतीला ते पंख नाहीत, फोटो बघताना घोळ होतो.

भोकांबद्दल जरा सविस्तर, कारण लोक इथेच हरतात. प्रायमरखाली दिसलेली भोकं ही फक्त उघडी पडलेली. त्यांच्या आजूबाजूला पातळ पापुद्र्याखाली बंद असलेले बुडबुडे असतात, ते आत्ता दिसत नाहीत आणि चकचकीत लाल रंगानंतर पॉलिश करताना फुटतात. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च बॉडीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, भिंगातून बघा. पापुद्रा असला की तिथे रंग किंचित वेगळा, दुधाळ गोल दिसतो. टाचणीने दाबून बघा, आत गेली की बुडबुडा. सगळे असे शोधून ०.५ मिमीच्या ड्रिलने मुद्दाम उघडा, कडा स्वच्छ करा आणि मग भरा. माझ्या पुढच्या मडगार्डवर दोन भोकं दिसत होती, टॉर्च लावल्यावर पूर्ण पट्टाच निघाला, चाकाच्या कमानीच्या कडेकडेने.

भरायला नेहमीची लांबी नको, ती सुकताना बसते आणि महिन्याभराने तिथे खळगा दिसतो. सुपर ग्लूमध्ये थोडी टाल्कम पावडर मिसळा, टूथपिकच्या टोकाने थेंब सोडा आणि अर्ध्या-एक तासात घासून टाका. उद्यावर टाकलंत तर ग्लू रेझिनपेक्षा कडक होतो, मग घासताना आजूबाजूचं रेझिन जातं आणि ग्लूचा उंचवटा राहतो. मग परत पातळ प्रायमर, परत टॉर्च. हे चक्र कंटाळा येईपर्यंत चालतं, पण ज्या दिवशी प्रायमरखाली काहीच सापडत नाही तो दिवस फार सुंदर असतो, खरंच.

रंगाआधी चाकं लावून बघा. ९१७ चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २३०० मिमी, म्हणजे १/२४ मध्ये साधारण ९६ मिमी यायला हवा. रेझिन आकसतं त्यामुळे बॉडी किंचित लहान निघते आणि चाक कमानीच्या मधोमध येत नाही. तेव्हा चॅसिस मापाने बरोबर करत बसू नका, कमानीला बरोबर करा, डोळा तेच बघतो. सपाट काचेवर गाडी ठेवून चारही टायरखाली कागद सरकवून बघायचा, चारही ठिकाणी सारखा अडला पाहिजे. अर्धा मिमी उचललेलं चाक म्हणजे खऱ्या गाडीत १२ मिमी हवेत, लगेच दिसतं.

लाल रंगाखाली राखाडी प्रायमर ठेवला तर लाल मळकट येतो, पांढरा किंवा गुलाबी बेस द्या. आधी पांढरा, टेप, मग टेपच्या कडेवर परत एकदा पांढरा, आणि त्यानंतर लाल. तो मधला पांढरा फटी बंद करतो, त्यामुळे लाल आत झिरपत नाही आणि रेघ ब्लेडने कापल्यासारखी येते.

डीकल. उरलेली शीट पाण्यात घालायच्या आधी स्कॅन करून ठेवा, हे आजच्या आजच, मॉडेलला हात न लावता होतं. शीट जुनी झाली की वरचा थर तडकतो, तुमचे तुकडे त्यानेच झाले. उरलेल्यांवर लिक्विड डीकल फिल्मचा किंवा क्लिअरचा कोट मारा, पूर्ण सुकू द्या, मग प्रत्येक डीकल कडेने कापून वेगळं करा कारण आता सगळ्या शीटवर एकच पापुद्रा झालेला असतो. आधी एखादं नको असलेलं बारीक अक्षर पाण्यात टाकून बघा. पिवळं पडलं असेल तर शीट खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवून काही दिवस ठेवा, बराच पिवळेपणा जातो. तुटलेल्या नंबरचे तुकडे असतील तर टाकू नका, बॉडीवर पाण्याचं तळं करून ओल्या ब्रशने तुकड्याला तुकडा सरकवत जुळवता येतो, राहिलेल्या रेघा बारीक ब्रशने रंगवायच्या. नाहीच जमलं तर स्कॅनवरून छापा, फक्त घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही, त्यामुळे पांढरा गोल आधी रंगाने मारून त्यावर काळा आकडा.

वरचा क्लिअर पहिले एक-दोन कोट अगदी धुक्यासारखे, एकदम ओला मारला तर डीकल सुरकुततं. टू-के (दोन भाग मिसळून वापरायचा) क्लिअर वापरणार असाल तर साधा मास्क पुरत नाही, त्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर वापरूच नका. काचांना सुपर ग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते, पांढरा पीव्हीए ग्लू पुरतो. आणि आरसे, वायपर, अँटेना हे पॉलिश पूर्ण झाल्यावर, बॉडी परत उलटी करावी लागणार नाही याची खात्री झाली की मगच लावा.