क्लायंटचा फोन येतो, स्वतःच्या ॲपचा येत नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यातली नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी कोल्हापुरात घरी आलात, बाहेरच्या क्लायंटची कामं करता, पैसे बरे मिळतात. पण स्वतःची दोन ॲप, एक घरखर्चाच्या हिशेबाचं आणि दुसरं मामांच्या दूध संस्थेसाठीचं, वर्षभर अर्धवट पडून आहेत. मग फ्रीलान्सिंग सहा महिने बंद करून ॲपच्या मागं लागावं का, की दोन्ही एकत्र जमतं?

बंद करू नका. मी ते करून बघितलंय.

२०२२ च्या जूनअखेर हातातली दोन्ही कामं संपवली आणि नवीन काम घेणं थांबवलं. खात्यात साडेतीन लाख होते, घरखर्च महिन्याला पस्तीस हजारांच्या आसपास. दहा महिने निवांत, असा हिशेब मांडला होता. पण खर्च काही हप्त्यानं येत नाही. ऑगस्टमध्ये वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिवाळीच्या तोंडावर लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि नोव्हेंबरच्या शेवटी खात्यात पंचाण्णव हजार उरले. तिथून पुढं कोड लिहायला बसलो तरी डोक्यात आकडेच फिरायचे. घाबरून डिसेंबरात नेहमीच्या निम्म्या दरानं एक काम पकडलं, त्याचेही पैसे अडीच महिने लटकले.

पैशाचं दुःख होतंच, पण मला जास्त लागलं ते दुसरंच. दिवसाचे आठ-आठ तास मोकळे असूनही त्या पाच महिन्यांत जेवढं काम झालं, तेवढं त्याआधी रोज दीड तास बसून मी दोन महिन्यांत उरकलं होतं. लॉगिनची स्क्रीन चार वेळा नव्यानं केली. डेटाबेस बदलला, परत जुन्यावर आलो. कारण त्या ॲपवाचून कुणाचंच काही अडलं नव्हतं.

क्लायंटचं काम वेळेवर का होतं, याचा तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. बुधवारी त्याचा फोन येणार असतो, म्हणून मंगळवारी रात्री आपण ते संपवतो. स्वतःच्या ॲपचा असा फोन कधीच येत नाही. आठवडा जातो, महिना जातो आणि आपण म्हणतो, वेळच मिळत नाही. तुमच्या प्रश्नातही वेळेबद्दलच जास्त लिहिलंय. माझं कळकळीचं सांगणं असं, की आधी ॲपसाठी तुम्हाला फोन करणारा एक माणूस शोधा. वेळेचं गणित त्याच्यानंतर मांडू.

मला तो माणूस शिवाजी उद्यमनगरात मिळाला. वडिलांच्या ओळखीचे एक काका आहेत, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन एवढं त्यांचं वर्कशॉप. शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यातून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग येतात, काका ते लेथवर कातून परत पाठवतात; सगळं जॉबवर्क, म्हणजे माल कारखान्याचा, यांची फक्त मजुरी. मी बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. लेथच्या मागं भिंतीला एक तार लोंबत होती आणि तिला माल आल्या-गेल्याच्या कागदी पावत्या, म्हणजे चलनं टोचलेली. वरची पांढरी, खालची तेल पिऊन पिवळी झालेली, एकमेकांना चिकटलेली. कारखान्याचं म्हणणं होतं, १२० पीस पाठवले, परत ११२ च आले. मशीन बंद करून काका स्टुलावर बसून एकेक चलन तारेवरून सोडवत होते, फाटू नये म्हणून नखानं कडा उचलत. दीड तासानं हिशेब लागला: पाच पीस आधीच रिजेक्शनमध्ये परत गेले होते आणि तीन ब्लो होल, म्हणजे ओतकामातली पोकळ भोकं निघाली म्हणून कोपऱ्यात पडून होते.

कारखाना एवढा पाठीमागं का लागतो, हे मला नंतर कळलं. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. म्हणून त्यांना प्रत्येक पीसचा ठावठिकाणा हवा असतो. त्या सगळ्याचा हिशेब काकांच्या भिंतीवरच्या एका तारेवर चालला होता.

तीन आठवड्यांत मी एक साधं ॲप केलं. आलं, गेलं, बाद, एवढी तीनच बटणं. पहिल्या दिवशी काकांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. परत दाबलं, तरी नाही. हाताला कूलंट आणि तेल, वर चाळीस वर्षं लोखंड हाताळून निबर झालेली कातडी. “आमचं बोट घेत नाही बघ हे,” म्हणाले आणि बोटाच्या सांध्यानं दाबून बघायला लागले. त्या रात्री मी बटणं एवढी मोठी केली की तिघांनीच स्क्रीन भरली. सरकवायचं, दाबून धरायचं, असलं सगळं काढून टाकलं. नंतरच्या शनिवारी रात्री नऊला त्यांचा फोन आला: “उद्या माल येणार हाय, ते बादचं कारण लिवायचं झालं काय?” रविवारी पहाटे पाचला मी उठून बसलो. कुठलाही टायमर, कुठलंही वेळापत्रक मला त्या वेळी उठवू शकलं नसतं.

आज ते चाळीसेक वर्कशॉपमध्ये चालतं, वर्षाला १,२०० रुपये. म्हणजे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, त्यातून प्ले स्टोअर १५ टक्के कापून घेतं. घर यावर चालत नाही, ते अजून क्लायंटच्याच पैशावर चालतं. हे मुद्दाम स्पष्ट लिहितोय, कारण सहा महिन्यांत ॲपवर संसार उभा राहील अशा अपेक्षेनं काम सोडणारी दोन-तीन पोरं मी जवळून बघितली आहेत.

आता वेळेचं. दिवसाचा कुठला भाग कुणाचा, हे तुमचा क्लायंट कुठं बसतो यावर ठरतं. माझा मुख्य क्लायंट जर्मनीत आहे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. म्हणजे माझी अख्खी सकाळ कुणाची नसते, फोन वाजत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा असेल तर त्यांचे नऊ आपल्याकडं संध्याकाळी साडेसहा-साडेसातला वाजतात. मग तर दुपारही तुमची. पुण्या-मुंबईचा क्लायंट मात्र दहालाच सुरू होतो. तेव्हा नवीन काम घेताना दराबरोबर घड्याळही बघा. मी दोनदा थोड्या कमी दराचं युरोपातलं काम घेतलंय, निव्वळ सकाळ वाचते म्हणून.

जेवण झाल्यावर रात्री ॲपवर बसण्याचा नाद सोडा. दिवसभर दुसऱ्याच्या कोडमध्ये डोकं घातल्यावर रात्री हातून होतं ते फक्त रंग बदलणं आणि आयकॉन शोधणं. सकाळचे दोन तास, रोज, क्लायंटची मेल उघडायच्या आधी. आणि उठताना वहीत एकच ओळ लिहायची, उद्या कुठून सुरुवात करायची ती. “बादच्या नोंदीला फोटो जोडणे”, एवढीच. दुसऱ्या दिवशीची पहिली वीस मिनिटं वाचतात.

क्लायंटबरोबर तासाच्या हिशेबाऐवजी महिन्याचं ठरवा. मी आठवड्याचे चार दिवस त्यांना दिलेत, ठरावीक रकमेत. शुक्रवार माझा, त्या दिवशी उद्यमनगरात चक्कर असतेच. तासाला मिळायचे त्याहून हे थोडे कमी पडतात, पण पुढच्या महिन्यात किती येणार हे आज माहीत असतं आणि सकाळी ॲपवर बसताना पोटात गोळा येत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात लावू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. असे दिवस आपल्या गावाला नवे नाहीत, आणि त्या दिवसांत काम थांबलं तरी खर्च थांबत नाही. कराचंही तसंच. एकूण जमा पंचाहत्तर लाखांच्या आत असेल आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांपर्यंतच असेल, तर बरेच फ्रीलान्सर अंदाजित उत्पन्नाच्या सोयीत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवतात. तुम्हाला ते लागू होतं का, हे सीएला विचारा, आणि १५ मार्चच्या आत आगाऊ कर भरायचे पैसे आधीच बाजूला काढा.

करार मात्र स्वतः वाचा, अगदी ओळ न ओळ. मी एकदा न वाचता सही केली होती. त्यात लिहिलं होतं की कराराच्या काळात मी तयार केलेलं सगळं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं. “त्यांच्यासाठी तयार केलेलं” असं नव्हतं, नुसतं “सगळं”. नशिबानं त्या काळात माझं स्वतःचं काही चालू नव्हतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्यानं लिहिलेल्या कोडची मालकी लेखी करारानंच दुसऱ्याकडं जाते. म्हणजे सगळी ताकद त्या कागदातच आहे. मी आता एक जोडपत्र लावतो: माझी आधीची ॲप, माझ्या आधीच्या लायब्ररी, त्यांची नावं, आणि हे माझंच राहील अशी एक ओळ. आजवर एकाही क्लायंटनं नाही म्हटलेलं नाही. आणि त्यांचा कोड आपल्या ॲपमध्ये कधीही उचलू नका. ब्लूटूथ प्रिंटर कसा जोडायचा, हे मी क्लायंटच्या पैशावर शिकलो. काकांच्या ॲपसाठी तो भाग कोऱ्या फाइलपासून परत लिहिला.

स्टोअरचं थोडक्यात. प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दर वर्षी ९९. उद्यमनगरात किंवा गावच्या दूध संस्थेत बहुतेक अँड्रॉइडच आहे, तेव्हा ॲपलचा विचार आत्ता नको. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणीत, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत, १२ माणसं सलग १४ दिवस लागतात. आधी ही संख्या २० होती. ही माणसं पैसे देऊन गोळा करू नका. मी तालमीतली पोरं आणि काकांच्या शेजारची वर्कशॉप मिळून जमवली, आणि त्यातल्याच दोन मालकांनी पहिले पैसे दिले. शिवाय दर वर्षी ३१ ऑगस्टच्या सुमाराला नव्या अँड्रॉइडसाठी ॲप अद्ययावत करण्याची मुदत येते, म्हणजे ऐन गणपतीच्या आसपास. जुलैतच एक आठवडा त्यासाठी राखून ठेवा. ॲप बनवण्यापेक्षा सांभाळायला जास्त वर्षं लागतात. म्हणूनच एका वेळी दोन ॲप हाती घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की क्लायंटची कामं करणं म्हणजे आपल्या स्वप्नाशी तडजोड वाटते. तसं वाटून घेऊ नका. याच गावात बाबुराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, लोकांनी सांगितलेलं काम. आनंदराव १९१६ ला गेले, तरी बाबुरावांनी आपले शिष्य दामले यांच्या साथीनं १९१८ मध्ये स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला. खरी कॉर्नरवरून जाताना तो कॅमेऱ्याचा स्तंभ दिसला की मला त्या पडद्यांचीही आठवण येते.

आता तुमच्या दोन ॲपबद्दल. घरखर्चाचं बंद करा. त्याची कुणी वाट बघत नाही, आणि तसली शेकडो ॲप आधीच आहेत. दूध संस्थेचं घ्या, कारण तिथं मामा आहेत, सचिव आहेत, रोज दोन वेळा दूध घालणारी माणसं आहेत. पण घरात बसून पुढं कोड लिहू नका. दहा दिवसांचं बिल निघतं त्या दिवशी सकाळी सहालाच संस्थेत जाऊन बसा, लॅपटॉप न नेता. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून दर लावताना, त्यातला पॉइंट खाली आला की रक्कम किती कापली जाते, हे उत्पादकाला पावतीवर कळतं का ते बघा. सचिवांचं पेन कुठल्या रकान्यावर थांबतं, कुठली पावती खिडकीतून परत आत येते आणि ती आणणारी बाई काय विचारते, हे लिहून घ्या. त्या एका भांडणापुरतीच पहिली स्क्रीन करा, तीन आठवड्यांत. आणि निघताना सचिवांना तुमचा नंबर देऊन या.