साताऱ्यात हिवाळी ट्रेक-सायकलिंगच्या ग्रुपमध्ये नवख्या बाईने जावं का? मागे पडले तर?

तुम्ही लिहिलंय की वय 48, बदलीमुळे साताऱ्यात नुकत्याच आलात, साधी गिअरची सायकल आहे आणि रविवारी एखाद्या हौशी क्लबबरोबर बाहेर पडायची इच्छा आहे. पण सगळे पुढे निघून जातील, आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, अशी धास्ती वाटते. तरीही जा. नक्की जा. फक्त ग्रुप निवडताना एक गोष्ट बघा: सगळ्यात शेवटच्या माणसाबरोबर कोण असतं.

हे मी अनुभवाने सांगते. मी 44व्या वर्षी सायकल हातात घेतली आणि पहिल्याच डिसेंबरात एका ग्रुपबरोबर कास पठारावर निघाले. समर्थ मंदिर मागे पडून यवतेश्वरचा चढ लागला आणि पाचच मिनिटांत पुढचे लाल दिवे दिसेनासे झाले. दोन वळणं चढले नसेन तोच चेन पडली. बोटं गारठलेली, पुरतं उजाडलेलं नाही आणि चेन कशी चढवायची हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. शेवटी दुधाच्या किटल्या घेऊन खाली येणाऱ्या एका दादांनी मोटरसायकल थांबवून ती बसवून दिली. मी तिथूनच परत फिरले. दुपारी मोबाईलवर फोटो आला, खाली लिहिलेलं: आजची राइड सर्वांनी पूर्ण केली. मी नव्हते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी सायकलला हात लावला नाही.

आता ज्या क्लबबरोबर जाते तिथे पुढे एक लीड आणि मागे एक टेल असतो. टेलच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा नियम. आमच्याकडे बहुतेक वेळा एक निवृत्त काका टेल असतात. मागच्या जानेवारीत कोरेगाव रस्त्याला एकीचं चाक बसलं. बादली नाही, पाणी नाही. काकांनी ट्यूब बाहेर काढली, थोडी हवा भरली आणि ओठांजवळून हळूहळू फिरवत नेली. भोक एवढंसं होतं की कानाला आवाज येत नव्हता, पण ओठाला गार हवेची रेघ लागली. मग टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा शोधला, कारण तो तसाच राहिला तर नवीन पॅचही दहा मिनिटांत जातो. तोवर बाकीचे सगळे पुढच्या फाट्यावर चहा घेत थांबले होते. त्यात कुणी उपकार करत नव्हतं. तिथे थांबायचंच, हे आधीच ठरलेलं होतं.

म्हणून क्लबला फोन कराल तेव्हा किती किलोमीटर, किती फी हे नंतर विचारा. आधी विचारा: टेल कोण आहे? कुठे कुठे थांबून डोकी मोजता? कुणाला अर्ध्यातून परतायचं झालं तर सोबत कोण येतं? आणि बायका म्हणून आणखी एक: वाटेत स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे? ही सोय नाही म्हणून कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. थंडीत तहान तशीही कळत नाही, मग उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. ज्या क्लबला या प्रश्नांची उत्तरं लगेच देता येतात, तो चांगला.

सुरुवात अजिंक्यतारा किल्ल्यापासून करा. रोज सकाळी अर्धं सातारा तिथे चढत असतं, एकटं वाटणार नाही. बोलता बोलता वर पोचता आलं, धाप लागून बोलणं तुटलं नाही, की पुढच्या ट्रेकला नाव द्यायला हरकत नाही. मला स्वतःला हिवाळ्यात कल्याणगड किल्ला सगळ्यात आवडतो. दोन दरवाज्यांच्या मधे एक गुहा आहे, आत पाणी साठलेलं असतं. बूट काढून, टॉर्च लावून, कठड्याला धरून वाकत आत जायचं. पहिलं पाऊल टाकताना गारव्याने पाय जागच्या जागी थिजतो. मागचा हलके खांद्यावर हात ठेवतो, आपण पुढचीच्या ठेवतो. आत पार्श्वनाथांची मूर्ती आहे, दत्ताची आहे. तिथे आमच्यातले एरवी अखंड बोलणारेही गप्प होतात.

वासोटा किल्ला मात्र ग्रुपशिवाय परवडत नाही. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जावं लागतं आणि बोटीचं भाडं वाटून घ्यायला दहा-बारा जण बरे. तो भाग कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वन खात्याची परवानगी लागते, मुक्काम करता येत नाही, उजेड असेपर्यंत परत बोटीत बसावंच लागतं. तिथे चाल थोडी बरी हवी, म्हणून पहिल्याच महिन्यात नको.

ट्रेकचे दोन धोके हिवाळ्यातलेच. वाळलेलं गवत उतारावर काचेसारखं घसरतं, त्यामुळे उतरताना पाऊल आडवं टाका आणि जुने, झिजलेल्या तळव्यांचे बूट घालू नका. दुसरं, कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर नको, आरडाओरडा नको, शेकोटी तर अजिबात नको.

सायकलला सोपा रस्ता म्हणजे संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, सकाळी पाण्यावर धुकं आणि साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. थोडा जोर आला की लिंबची बारा मोटेची विहीर. कास शेवटी. फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा गाड्यांच्या रांगा. डिसेंबरात पठार पिवळं पडलेलं आणि रस्ता जवळजवळ आपलाच. मला तेच कास जास्त आपलं वाटतं.

पण उसाच्या ट्रॅक्टरपासून फार जपा. साखर कारखाने सुरू असेपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटे रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो आणि बाजूने उसाच्या कांड्या बाहेर आलेल्या असतात. रस्त्यावर पडून चेंगरलेला ऊस दवाने ओला झाला की चाक सरकतं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहाच्या आत राज्यमार्गावर उतरायचंच नाही, असं आम्ही ठरवून टाकलंय. लवकर निघायचा हट्ट धरणाऱ्या ग्रुपला मी सरळ नाही म्हणते.

घाट चढताना घाम येतो, आणि वर पोचून गप्पा मारत उभं राहिलं की तोच घाम अंगात थंडी भरवतो. पिशवीत एक कोरडा टी-शर्ट ठेवा, वर गेल्या गेल्या बदला. उतरायच्या आधी जॅकेटच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी सारा, वारा लागत नाही. हातमोजे हवेतच, कारण बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही. ब्रेक धरून ठेवू नका, दाबत-सोडत या.

आणि रविवारची वाट बघू नका. आज संध्याकाळी घरीच सायकल उलटी करा, मुद्दाम चेन पाडा. मागच्या चाकाजवळ खाली लोंबणारी गिअरची दांडी पुढे ढकलली की चेन सैल होते. ती पुढच्या चक्रीच्या दोन-चार दात्यांवर बसवा आणि पेडल हाताने पुढच्या दिशेने फिरवा. दोनदा करा. तिसऱ्यांदा दिवा बंद करून.