साहित्यिक एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी करार ठरवणारा) निवडताना जास्त अ‍ॅडव्हान्स मिळवून देणाराच बघावा का?

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, पुढच्या रॉयल्टीतली, म्हणजे पुस्तकविक्रीतल्या तुमच्या वाट्यातली उचल. ती फिटेपर्यंत रॉयल्टीचा वेगळा पैसा हातात पडत नाही. पुस्तक पडलं तरी ती सहसा परत मागत नाहीत, हा मात्र मोठा दिलासा.

शिवाय ही रक्कम बहुधा हप्त्यांनी येते : सहीला, हस्तलिखित मंजूर झाल्यावर, प्रकाशनाच्या वेळी. म्हणजे ९०,००० ची बातमी सहीच्या दिवशी ३०,००० असते. त्यातून एजंटचे नेहमीचे १५ टक्के गेले की २५,५००. नोकरी सोडायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडा!

हस्तलिखित वाचायलाच फी मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. चांगल्या एजंटची कमाई तुमच्या कमाईतूनच होते.

त्याची खरी किंमत कळते ती करार वाचताना. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे हक्क तो सरसकट प्रकाशकाला देऊन टाकतो की तुमच्याकडे राखतो? पुस्तक बाजारातून गेल्यावर हक्क परत मिळण्याचं कलम आहे का? दोन पुस्तकांचा करार असेल तर हिशेब एकत्र धरलाय का, हे तर डोळ्यांत तेल घालून बघा. तसा असेल तर पहिलं पुस्तक धो धो खपलं तरी दुसऱ्याची उचल फिटेपर्यंत तुमची रॉयल्टी अडकून बसते.

सही करण्याआधी मी एजंटला एकच विचारेन : सगळ्या प्रकाशकांनी नकार दिला, तर पुढे काय करणार?