सातवीच्या मुलांना डिझाइन थिंकिंग कसं शिकवावं? वर्गात ४० मुलं आहेत आणि साहित्याला वेगळे पैसे नाहीत

तुमचे प्रश्न दोन आहेत. ३५ मिनिटांच्या तासिका आणि ४० मुलं एवढ्यावर डिझाइन थिंकिंगची, म्हणजे ज्याला अडचण आहे त्याला आधी समजून घेऊन मग उपाय घडवायच्या पद्धतीची, ओळख कशी करून द्यायची, हा पहिला. आणि दर वेळी सगळं पुठ्ठ्याच्या मॉडेलपाशीच येऊन का थांबतं, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिला बराचसा सुटतो. मुलं मॉडेलपाशी अडकतात, कारण आपण त्यांना प्रश्नापाशी पुरेसं थांबूच देत नाही. म्हणून मी सुचवेन की आठ तासिका धरा, पहिल्या तीन फक्त प्रश्न समजून घ्यायला द्या आणि त्या तिन्हींत कुणी उपाय सांगायला लागलं की प्रेमाने थांबवा. 'वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव, चौथ्या तासाला काढू' एवढं म्हटलं की पुरतं.

पायऱ्यांचं फार ओझं घेऊ नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी.स्कूलची पाच पायऱ्यांची मांडणी सगळीकडे वापरतात: माणसाला समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, कल्पना काढणं, कच्चा नमुना करणं आणि तो वापरून बघणं. अहमदाबादच्या रिव्हरसाइड स्कूलच्या किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'डिझाइन फॉर चेंज' उपक्रमात हेच चार क्रियापदांत बसवलं आहे: जाणा, कल्पना करा, करा, सांगा. शाळेतल्या मुलांच्या तोंडी ही चार लवकर बसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात डिझाइन थिंकिंगचं नाव घेऊन उल्लेख आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे तासिका मागताना तो दाखवता येईल. कार्यानुभवाच्या तासाला हे चांगलं बसतं.

आता विषय कोणता घ्यायचा, यावर सगळं ठरतं. प्रदूषण, प्लॅस्टिक, पाणीटंचाई असले विषय देऊ नका. त्यातून फक्त घोषणा आणि तक्ते निघतात. विषय निवडताना तीन गोष्टी बघा: मुलांना तो याच आठवड्यात डोळ्यांनी दिसला पाहिजे, ज्याला त्रास होतो त्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, आणि पंधरा दिवसांत वरून परवानगी न आणता काहीतरी बदलून बघता आलं पाहिजे. वर्गाबाहेर चपलांचा ढीग पडतो आणि शाळा सुटताना लहानांना जोड सापडत नाही, हा या मापाचा विषय आहे. दप्तराचं ओझंही चालेल. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको, म्हणजे एक वजनकाटा आणला की वर्गातच मोजणी सुरू. मी इथे पोषण आहाराआधी हात धुवायची रांग हा विषय धरून सांगतो, कारण बहुतेक शाळांत तो रोज समोर असतो.

पाच-पाचचे आठ गट करा, पण ४० मुलांना एकदम नळावर सोडू नका. बघणारेच इतके झाले की रांगेतली मुलं सावध होतात आणि त्या दिवशी सगळे शहाण्यासारखे हात धुतात. एका दिवशी दोनच गट पाठवा, चार दिवसांत आठ गट होतात आणि चार दिवसांच्या नोंदीही हाती येतात. गटातल्या प्रत्येकाला वेगळं काम द्या. एकाने घड्याळ लावायचं, एकाने डोकी मोजायची, एकाने जागेचा नकाशा काढायचा, एकाने कानावर पडलेली वाक्यं जशीच्या तशी लिहायची आणि पाचव्याने फक्त हातांकडे बघायचं. हा पाचवा सगळ्यांत महत्त्वाचा, शांत मुलाला द्या.

मग पहिल्या तासाला वर्गात गणित करा. समजा १२० मुलं आणि ४ नळ, म्हणजे एका नळावर ३० मुलं. साबण लावून किमान २० सेकंद हात चोळायचे अशी सर्वत्र सांगितली जाणारी शिफारस आहे. भिजवणं आणि धुणं यांचे १० सेकंद धरले तर एका मुलाला ३० सेकंद लागतात, म्हणजे एका नळाला ९०० सेकंद, १५ मिनिटं. आणि घड्याळात रांग संपली ७ मिनिटांत. म्हणजे सरासरी एकेकाच्या वाट्याला १४ सेकंद आले. उरलेली ८ मिनिटं कुठे गेली? हा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तास तिथेच संपवा. मुलं स्वतःच शोधायला लागतात: कुणी साबणच लावला नाही, कुणी बोटांची टोकं भिजवली, कुणी रांगेत आलंच नाही.

दुसरा तास बोलण्याचा, आणि हा सगळ्यांत जास्त फसतो. आपल्याकडे मुलांना मोठ्यांसमोर 'हो' म्हणायची सवय असते. सातवीच्या मुलाने पहिलीतल्या मुलीला विचारलं, 'हात धुतेस का?' तर ती 'हो' म्हणेल आणि मुलाखत तिथेच संपेल. म्हणून मत विचारायचं नाही, कालचा प्रसंग क्रमाने विचारायचा. 'काल घंटा झाल्यावर आधी कुठे गेलीस?' 'ताटली घ्यायला.' 'मग?' 'मग रांगेत.' 'हात धुताना ताटली कुठे होती?' 'हातातच. खाली ठेवली की कुणीतरी पाय देतं.' इथे खरी गोष्ट बाहेर आली. तिचा एक हात रिकामाच नाही. एका हाताने हात चोळणार कसे? 'हात धुतेस का' विचारून हे जन्मात कळलं नसतं. दोघांनी मिळून बोलायचं, एकाने विचारायचं आणि एकाने लिहायचं, आणि लहान मुलाशी बोलताना जमिनीवर बसायचं. आहार शिजवणाऱ्या ताई आणि टाकी भरणारे मामा यांच्याशीही बोलायला पाठवा. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं दोन मुलांना समोर उभं करून एक फसलेली आणि एक जमलेली मुलाखत करून दाखवा. भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

तिसऱ्या तासाला प्रत्येक गटाने एकच वाक्य लिहायचं. त्याचा साचा असा: अमक्याला अमुक करायचं असतं, पण करता येत नाही, कारण तमुक. मुलं पहिल्यांदा हमखास 'शाळेत नळ कमी आहेत' असं लिहितात. त्यात उपाय दडलेला आहे, नळ वाढवा, आणि मग विचार करायला काही उरतच नाही. 'पहिलीतल्या मुलीला दोन्ही हात नीट धुवायचे असतात, पण एका हातात ताटली असते, कारण ती ठेवायला कोरडी आणि पाय पडणार नाही अशी जागा नाही' हे वाक्य कामाचं आहे. दुसऱ्या गटाचं वेगळं निघेल: 'पाचवीतल्या मुलांना साबण लावायचा असतो, पण मागचे ढकलतात, कारण साबण चोळेपर्यंत नळ अडून राहतो.' दोन्ही बरोबर. कारण शोधताना पाच वेळा 'का' विचारायची पद्धत टोयोटा कंपनीमुळे प्रसिद्ध झाली, ती मुलांना आवडते. फक्त एक सांभाळा. उत्तर 'मुलं आळशी आहेत' किंवा 'लक्ष देत नाहीत' अशा स्वभावावर येऊन टेकलं, तर एक पायरी मागे जा आणि वस्तू, जागा, वेळ यांच्यात कारण शोधायला लावा.

चौथा तास कल्पनांचा. कोऱ्या कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चौकटी होतात. एका मिनिटाला एक चौकट, आठ मिनिटांत आठ चित्रं, प्रत्येकाने आपापली, एक शब्द न बोलता. वर्ग पाचवी-सहावीचा असेल तर सहा चौकटी आणि बारा मिनिटं द्या. आधी गटात चर्चा ठेवली तर वर्गातला हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, म्हणून आधी एकट्याने. चौथ्या-पाचव्या चौकटीला सगळेच अडतात, तेव्हा आवाज न चढवता एखादा धक्का द्या: 'पाण्याचा थेंबही सांडायचा नसेल तर?', 'नळच नसते तर?', 'एक रुपयाही खर्च करायचा नसेल तर?' ओळखीच्या कल्पना पहिल्या तीन-चार चौकटींत संपतात आणि वेगळं काही आलं तर त्यानंतरच येतं, म्हणून तिथे हात टेकू देऊ नका. चित्र वाईट आलं तरी चालतं, हे तुम्ही स्वतः फळ्यावर काड्यांची माणसं काढून दाखवा. मग कागद दोरीवर लावा, नावं मागच्या बाजूला, आणि प्रत्येकाला आवडलेल्या कल्पनांवर मत म्हणून तीन टिंबं द्यायला सांगा. नाव पुढे दिसलं की मतं मैत्रीला पडतात.

पाचवी आणि सहावी तासिका जोडून मागा. एका गटाला दोन खोकी, दोन मीटर सुतळी, चिकटपट्टी, एक कात्री, पाण्याच्या तीन-चार रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं आणि खडू एवढं पुरतं, आणि हे सगळं घरून आणि जवळच्या दुकानातून येतं. थर्माकोल, रंग आणि चमकी मात्र वर्गात येऊ देऊ नका. देखणी वस्तू झाली की बघणारा नावं ठेवत नाही आणि करणाऱ्याला ती मोडवत नाही. नमुना मोडता आला पाहिजे. आणि तो खऱ्या मापाचा हवा, कारण टेबलावरच्या छोट्या शाळेत कुणी हात धुऊ शकत नाही. ताटलीसाठी विटांवर टाकलेली फळी किंवा भाजीचं रिकामं क्रेट चालेल. रांगेसाठी जमिनीवर खडूच्या रेघा हासुद्धा पूर्ण नमुना आहे, आणि कितीदा तरी तोच सगळ्यांत उपयोगी ठरतो.

नळ अडतो म्हणणाऱ्या गटाचा नमुना म्हणजे रांगेत टांगलेली साबणाच्या पाण्याची बाटली. तिचं नीट सांगतो, कारण नळ अडतो तो साबण चोळण्यामुळेच. चोळायच्या २० सेकंदांत पाणी लागत नाही. साबणाचं पाणी रांगेतच हातावर मिळालं तर चोळणं रांगेत होतं आणि नळ फक्त १० सेकंद लागतो. ३० मुलं गुणिले १० सेकंद, पाच मिनिटांत रांग संपली, तीही हात पूर्ण धुऊन, आणि एकही नळ न वाढवता. हा हिशोब मुलांनी स्वतः मांडला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पातळ प्लॅस्टिकची बाटली घ्या. जाड बाटली पहिलीच्या मुलांना दाबता येत नाही. झाकणाला साधारण २ मिलिमीटरचं भोक पाडा. तापवलेला खिळा शिक्षकांनीच धरायचा. बाटली उलटी टांगायची, दाबली की येतं, सोडली की थांबतं. वडीचा साबण किसून विरघळवला तर रात्रीतून त्याची जेली होते आणि भोक बुजतं, म्हणून हँडवॉश पाणी घालून पातळ करा. एका मुलाला २ मिलिलिटर धरलं तर १२० मुलांना रोज पाव लिटरच्या आतच लागतं.

सातव्या तासिकेला वापरून बघायचं. बनवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं, हा एकच कडक नियम. 'असं नाही, इथे दाब' असं त्याने सांगितलं की चाचणी वाया गेली, कारण उद्या सांगायला तो तिथे नसणार. वेगवेगळ्या इयत्तांमधल्या पाच मुलांना वापरू द्या आणि वहीत तीन रकाने करा: चाललं, अडलं, नवीन काय दिसलं. अडतं ते बहुतेक असं: साबणाचे थेंब ताटल्यांवर पडतात, लहान मुलं फेसाशी खेळत रांग अडवतात, आणि ताटल्यांच्या क्रेटपाशीच नवी रांग लागते, कारण सगळ्या ताटल्या सारख्याच असतात आणि आपली ओळखू येत नाही. आणि फरशीवर साबणाचं पाणी सांडून पाय घसरतो. हे फार जपा. चाचणी सुरू करण्याआधीच खाली गोणपाट टाका. अडलेल्यातली एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

आठव्या तासिकेआधी निदान आठवडा जाऊ द्या. पहिल्या दिवशी नवलाईने सगळेच वापरतात, खरं काय ते पाचव्या-सहाव्या दिवशी दिसतं. तेव्हा तीच मोजणी पुन्हा करा: रांग किती मिनिटांत संपली, साबण कितीजणांनी लावला. आकडा सुधारला नसेल तरी गटाला तो सांगू द्या आणि का सुधारला नाही ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. गुण द्यायचेच असतील तर वहीला द्या: नोंदी किती नेमक्या आहेत, वाक्य कितीदा सुधारलं, चाचणीनंतर काय बदललं आणि का. कृपा करून उत्कृष्ट मॉडेलचं बक्षीस ठेवू नका. ते ठेवलं की पुढच्या वर्षी मुलं पहिल्या दिवसापासून बक्षिसासाठी बनवायला लागतात आणि बघणं सोडून देतात. तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली यंत्रं-साधनांची प्रयोगशाळा) असेल तर थ्री-डी प्रिंटर वगैरे या सगळ्यानंतर वापरा. यंत्रापासून सुरुवात केली की त्या यंत्रातून काय निघू शकतं तेवढंच मुलांना सुचतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. कधी कधी मुलं नीट शोधतात आणि कारण निघतं मोठ्यांच्या हातातलं: दोन नळांना चाव्याच नाहीत, टाकी दुपारपर्यंत रिकामी होते. तेव्हा त्यांच्याकडून जुगाड करून घेऊ नका. चार दिवसांच्या नोंदी, नकाशा आणि ते एक वाक्य असं एका पानावर लिहून शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांनाच मांडू द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असते आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. मोजलेले आकडे घेऊन आलेल्या सातवीच्या मुलांना 'बघू' म्हणून परत पाठवणं कुणालाही जड जातं.

आणि जे टिकलं त्याला धनी नेमा. रोज बाटली कोण भरणार, फळी कोण पुसणार, याचा तक्ता नळाच्या वरच लावा. हे केलं नाही तर दिवाळीच्या सुट्टीनंतर बाटली रिकामी आणि क्रेट परत भाजीवाल्याकडे. 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द मात्र मी आठव्या तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांतच फळ्यावर लिहीन, त्याखाली ती चार क्रियापदं, आणि कुठल्या दिवशी आपण काय केलं ते मुलांनाच त्यांच्यापुढे लिहायला सांगेन.