भोपळ्याच्या वेलावर इवली फळं दिसतात, पण पिवळी पडून गळून जातात. असं का?

बहुतेक वेळा परागीभवन न झाल्यामुळे. वेल रोगट असतो म्हणून नव्हे. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे चिमुकला भोपळा उमलण्याआधीपासूनच असतो, नर फुलाला नुसता बारीक लांब देठ. म्हणजे ती गोळी दिसली की फळ धरलं असं समजू नका. पराग पोचला नाही तर काही दिवसांत ती पिवळी पडून गळतेच. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी लवकर ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला परागाने माखलेला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, त्याला हे तिन्हीसांजेला करायचं.